तिसऱ्या पाळीतली डुलकी आणि फिरता मेसेज

कारखानदारांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: रात्रपाळीत झोपलेला सापडला की थेट घरी पाठवा, सुप्रीम कोर्टाचीच मुभा आहे; नाहीतर पगारातून 500 रुपये कापा; कॅमेरे लावा; रात्रीचे अपघात झोपाळू कामगारांमुळेच होतात. सुपरवायझर म्हणून मी बरीच वर्षं नाईट काढल्या आहेत, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी कोर्ट. हा निकाल पुण्याच्या भारत फोर्जच्या खटल्यातला, जानेवारी 2005 चा. बडतर्फी कायम झाली, हे खरं. पण तो कामगार झोपलेला सापडला सकाळी अकरा-चाळीसच्या सुमारास, पहिल्या पाळीत! त्याआधीच्या तीन गैरवर्तनांत त्याला किरकोळ शिक्षेवर सोडलं होतं, आणि या वेळी आरोपपत्र देऊन रीतसर चौकशी झाली होती. एवढं करूनही 1983 ची घटना निकाली निघायला 2005 उजाडलं. चौकशीच न करता काढलं, तर मालकाची केस कशी टिकणार?

दंडाचं तर सरळ आहे. 1936 च्या वेतन कायद्यात जे होतं तेच 2019 च्या वेतन संहितेत आहे: मंजूर यादीतलीच चूक हवी, कामगाराला बाजू मांडू द्यायची, आणि दंड त्या पगाराच्या 3 टक्क्यांच्या आत. 15,000 पगारावर 450 होतात. म्हणजे मेसेजमधले 500 तिथे बेकायदाच.

कॅमेऱ्यांचं काय सांगू? त्यांचा स्क्रीन बघायला बसवलेला सिक्युरिटीवालाच बहुतेकदा बारा तासांच्या ड्युटीवर असतो.

खरी मेख वेगळीच आहे. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचं तापमान उतरतं आणि झोप अनावर होते. त्यात आठवड्याला पाळी बदलते, घरी पत्र्याच्या खोलीत दिवसा डोळा लागत नाही, आणि रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीत जागा घेणारा, आला नाही की दुसऱ्या पाळीचाच माणूस ‘डबल’ला थांबतो. हजेरीचं पंचिंग करून पॅनलमागे पुठ्ठा अंथरणारेही असतात, त्यांना मी स्वतः मेमो दिलेत. पण प्रेस मशीनवर उभ्याउभ्या पेंगणारा कामचोर नसतो, त्याची बोटं धोक्यात असतात. आम्ही दोनचा चहा साडेतीनला आणला, प्रेसवरचा माणूस तासातासाला बदलायला लागलो आणि डबल केलेल्याला प्रेसवर उभं करणं बंद केलं. मेमोंचं पुस्तक बरेच दिवस उघडावं लागलं नाही.

राहिले अपघात. भोपाळ, 2-3 डिसेंबर 1984 ची रात्र. कामगार जागेच होते. साडेअकराच्या सुमारास डोळे चुरचुरायला लागले, त्यांनी गळती शोधली, सुपरवायझरला सांगितलं. चहानंतर बघू, असं ठरलं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती, गॅस जाळणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीला काढलेला होता, आणि रात्रीच्या देखभाल सुपरवायझरची जागा काही दिवसांपूर्वीच कमी केली होती. यातलं काहीही त्या पाळीतल्या कामगारांनी ठरवलं नव्हतं.