एक स्टार देणाऱ्या ग्राहकांना कॉम्प्युटर दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर. आपला रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. शनिवारी आपल्याला पाऊण तास बाकावर बसावं लागलं आणि काउंटरवरचा मुलगा तुटक बोलला, त्याबद्दल माफी मागतो. त्याला समज दिली आहे.

पण "हलका एसएमपीएस गळ्यात मारला आणि दोन महिन्यांत दुसरा घ्यायला लावला, सरळ फसवणूक" हे वाचून गप्प बसवत नाही. (एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा.) १४ वर्षं टिळक रोडवर आहे. माल महाग देतो असं लोक म्हणाले असतील, फसवतो असं कोणी म्हटलं नव्हतं.

जूनमध्ये तुम्ही आलात तेव्हा टॅली आणि मुलीचे क्लास, एवढंच काम सांगितलंत. म्हणून रायझन ५ ५६००जी प्रोसेसर दिला, त्यात ग्राफिक्स आतच असतं. कॅबिनेटसोबतचा ४५० वॅटचा एसएमपीएस त्याला पुरतो. तरी मी विचारलं होतं, पुढे गेमसाठी वेगळं ग्राफिक कार्ड टाकणार असाल तर आत्ताच चांगला घ्या. तुम्ही म्हणालात, "उगाच खर्च कशाला?" बिलाच्या कार्बन कॉपीवर माझ्या अक्षरात "ग्राफिक कार्ड नाही" लिहिलेलं आहे. या, दाखवतो.

पुढे तुम्ही सेकंडहँड आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड आणलंत. कुठून, ते मी विचारलं नाही. त्या एसएमपीएसला कार्डाची आठ पिनची वायरच नाही, म्हणून कोणीतरी मोलेक्सचा, म्हणजे जुन्या चार पिनच्या वायरीवरून वीज घेणारा, कन्व्हर्टर जोडून दिला. शनिवारी तो तुमच्यासमोरच काढला ना? पांढरं प्लास्टिक एका बाजूने तपकिरी पडलेलं, जळका वास. मग मोबाइलच्या टॉर्चने लेबल वाचून दाखवलं: १२ व्होल्टला १६ अँपिअर. गुणाकार केला की १९२ वॅट. खोक्यावरचे ४५० म्हणजे सगळ्या लायनींची बेरीज, आणि स्वस्त मालात थोडं मनचंही. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही त्या १२ व्होल्टच्या लायनीवरच चालतात: कार्ड एकटं १७० वॅटचं, प्रोसेसर ६५ चा. गेम लावल्यावर पीसी बंद पडणारच. नुसता बंद पडला हे नशीब समजा, मदरबोर्ड घेऊन गेला असता. या कार्डाला कार्ड बनवणारी कंपनीच ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते, तोच मी बसवला.

"तोही ब्रॉन्झ, म्हणजे तिसऱ्या दर्जाचा" असं लिहिलंय. सर, ही पदकं नाहीत. अर्ध्या लोडवर निदान ८५ टक्के वीज कामी येते, बाकीची उष्णतेत जाते, एवढाच त्या शिक्क्याचा अर्थ. तुमच्या वापराला गोल्डचे जास्तीचे पैसे मीच घालू दिले नाहीत.

आणि त्या पाऊण तासातली वीस मिनिटं नवा एसएमपीएस बसवून गेम चालवून बघण्यात गेली. पुन्हा हेलपाटा पडू नये म्हणून. बसवण्याचे पैसे घेतले नाहीत, ते मात्र रिव्ह्यूत आलं नाही.

बाकी, बिलावर वॅट लिहून द्यायचं बघतो, बाकाजवळ पंखाही लावायचा आहे. तुमचा जुना एसएमपीएस काउंटरखाली ठेवलाय, साध्या ऑफिसच्या पीसीला अजून चालेल. दुपारी दीड ते चार सोडून कधीही घेऊन जा.