क्रियापद हरवलेले लेखन

माझी थोरली आत्या गेली, तेव्हा वर्षश्राद्धाला घरच्यांनी एक छोटी स्मरणिका काढायचे ठरवले आणि तिच्यावरचा मुख्य लेख माझ्याकडे आला. भाषांतराची कामे करण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे लेख एका बैठकीत लिहून झाला. ‘तिचे पाककौशल्य वाखाणण्याजोगे होते’, ‘तिने कुटुंबासाठी आयुष्यभर त्याग केला’, अशी वाक्ये त्यात होती. छापायला देण्यापूर्वी तो आईला वाचून दाखवला. आईने शेवटपर्यंत शांतपणे ऐकले आणि मग म्हणाली, “सगळं खरं आहे गं, पण ह्यात आमच्या वन्सं कुठे आहेत?”

मग मी तिलाच विचारले. ती म्हणाली, “भाकरी थापताना काठ फाटला की वन्सं ओल्या बोटाने तो सांधायच्या. आणि ती भाकरी कुणाच्या ताटात जाऊ द्यायच्या नाहीत, स्वतःसाठी बाजूला ठेवायच्या.”

दोन पाने लिहून मला जे साधले नाही, ते आईने दोन वाक्यांत सांगितले. त्या रात्री मी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे लक्षात आली. आईच्या बोलण्यात थापणे, फाटणे, सांधणे, ठेवणे अशी जिवंत क्रियापदे होती; माझ्या लेखात बहुतेक वाक्ये ‘होते’ आणि ‘केले’ यांवर संपत होती, आणि वाक्याचा सगळा भार कौशल्य, त्याग, योगदान अशा जड नामांवर पडला होता. लेखन सुधारायचे कसे, असे मला नवे लिहिणारे विचारतात, तेव्हा मी आता सर्वांत आधी हेच सांगते की, आपल्या लेखातली क्रियापदे पेन्सिलीने अधोरेखित करा आणि नुसती तेवढीच वाचा. रोज किती शब्द लिहावेत, पहाटे लिहावे की रात्री, या चर्चेला मी फारसे महत्त्व देत नाही.

मराठी या बाबतीत विलक्षण श्रीमंत आहे. धान्य आपण निवडतो, पाखडतो, घोळतो, चाळतो, कांडतो, भरडतो, दळतो. यातल्या प्रत्येक शब्दामागे हाताची वेगळी हालचाल आहे आणि बहुतेकांमागे वेगळे साधन आहे. पाऊस भुरभुरतो, कोसळतो, झोडपतो, ओसरतो, उघडतो. असे असताना आपण ‘पावसाचे आगमन झाले’ असे लिहितो, तेव्हा वाचणाऱ्याच्या अंगावर एक थेंबही पडत नाही.

ही सवय लागते कुठून? माझ्या मते बरीचशी कार्यालयीन भाषेतून आणि घाईने केलेल्या भाषांतरांतून. ‘निर्णय घेण्यात आला’, ‘कार्यवाही करण्यात येईल’ या रचनेत कर्ता अलगद नाहीसा होतो. शासकीय पत्रात तिचा काही उपयोग असेलही. पण तीच रचना आठवणींच्या लेखात, कथेत, अगदी शोकसंदेशातही शिरते, तेव्हा माणसेच वाक्यातून निघून जातात. मी स्वतः हा दोष वर्षानुवर्षे जोपासला, म्हणून मला तो इतरांच्या लेखनात लगेच दिसतो आणि मनापासून खुपतो.

यावरचा उतारा आपल्याच भाषेच्या आरंभाशी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचे लीळाचरित्र, म्हणजे मराठीतला आद्य मानला जाणारा गद्यग्रंथ, सिद्ध केले. ते स्वतः विद्वान पंडित होते, संस्कृतातले जडजंबाल गद्य त्यांना सहज लिहिता आले असते. त्याऐवजी ज्यांनी प्रसंग पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन त्यांनी विचारपूस केली, आणि जे मिळाले ते छोट्या, सरळ वाक्यांत मांडले. कोण उठले, कोण बसले, कोणी काय विचारले, कोणी काय खाल्ले. त्याच परंपरेत केशोबासांना संस्कृतात ग्रंथरचना करायची होती, तेव्हा चक्रधरस्वामींनंतर पंथाची धुरा सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. कारण तसे झाले असते तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. लिहिताना डोळ्यांसमोर कोण असावे, याचे याहून नेमके उत्तर मला अजून सापडलेले नाही. माझ्यापुरती ती म्हातारी म्हणजे माझी आई आहे.

शब्द कमी पडतात तेव्हा मी कोश उघडते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ पासून प्रसिद्ध होऊ लागले. हे दोन्ही कोश आज इंटरनेटवर मोफत पाहता येतात. मात्र कोशातला दुर्मीळ शब्द उचलून लेखात मिरवणे मला पटत नाही. कोशात शोधायचा तो शब्द बहुधा आपण लहानपणी ऐकलेला, पुढे वापरायचा विसरलेला असतो. तो समोर आला की कुणाच्या तरी आवाजासकट आठवतो. तसा आठवला नाही, तर मी तो वापरत नाही.

आत्यावरचा लेख मी पुन्हा पहिल्यापासून लिहिला. पाककौशल्य आणि त्याग दोन्ही गेले. लेख दोन पानांवरून एका पानावर आला. या वेळी वाचून दाखवताना भाकरीच्या वाक्याशी आईने मला थांबवले. मी लिहिले होते की, आत्या तांब्यात बोट बुडवायची. “तांब्यात नाही गं,” आई म्हणाली, “परातीशेजारी पितळेची वाटी असायची, तिच्यात.” मी तांब्या खोडला आणि वाटी लिहिली.