दिवा नीट धर!

लग्नात व्हिडिओवाल्याच्या मागे हॅलोजनचा दिवा उंच धरून फिरणारा एक मुलगा असायचा. त्याचं नाव कोणी विचारायचं नाही, त्याला पहिल्या पंगतीला कोणी बसवायचं नाही, पण चित्रण काळं आलं की शिव्या मात्र त्यालाच. इंग्लंडच्या पूर्वेला, नॉरफॉकमधल्या थेटफर्डजवळच्या एका खेड्यात, रात्री कुत्रं सोडून केल्या जाणाऱ्या सशाच्या शिकारीत, सध्या मी त्याच हुद्द्यावर आहे. नवरदेवाच्या जागी ससा असतो, एवढाच फरक.

बायको डोळ्यांची डॉक्टर. मी घरून काम करतो, म्हणजे खेड्याच्या मते रिकामा आहे. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात, त्यांना आम्ही घरात म्हातारबुवा म्हणतो. त्यांच्याकडे टिली नावाची लर्चर कुत्री आहे. ग्रेहाउंड किंवा व्हिपेटसारखं धावरं कुत्रं घ्यायचं आणि त्याचा कोलीशी नाहीतर टेरियरशी संकर करायचा, की लर्चर होतं. टिली दिवसभर सोफ्यावर पाय वर करून पडलेली असते आणि रात्री बॅटरीचा खटका वाजला की दारात उभी. म्हातारबुवांचं दुखणं वेगळं. त्यांना मोतीबिंदू. दिव्याकडे पाहिलं की भोवती वलयं दिसतात, लांबचं काही नीट दिसत नाही, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की हवापाण्यावर बोलायला लागतात. मग दिवा धरणार कोण? रिकामा माणूस.

सशाचं इथलं प्रकरण जुनं आहे. नॉर्मन लोकांनी हा प्राणी मांसासाठी आणि कातड्यासाठी आणून पाळला. थेटफर्डच्या रानात १४०० च्या सुमाराला बांधलेला एक जाड भिंतींचा दगडी वाडा अजून उभा आहे. तिथल्या मठाधिपतीने तो बांधला, का, तर आपले ससे चोरीला जाऊ नयेत म्हणून. आता तेच ससे शेतकऱ्याचा गहू आणि बीट कुरतडतात, आणि १९५४ च्या पेस्ट्स ॲक्टप्रमाणे त्यांना आवरणं ही शेतकऱ्याचीच जबाबदारी. कुत्र्याने शिकार करायची तर २००४ चा हंटिंग ॲक्ट आडवा येतो: कोल्हा नाही, हरीण नाही, उघड्यावर राहणारा मोठा रानससा, ज्याला हे लोक हेअर म्हणतात, तोही नाही. बिळात राहणारा छोटा रॅबिट चालतो, पण जमीनमालकाची परवानगी असेल तरच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ससा मारणं गुन्हाच आहे. रात्री बॅटरी घेऊन माळावर जाणाऱ्यांबद्दल आमचे आजोबा बोलायचे ते आवाज खाली करून. इथे मी परवानगीचा कागद खिशात घालून, वर पोलिसांना सांगून जातो.

सांगावं लागतं, कारण या भागात चोरून हेअरमागे कुत्रे सोडणाऱ्या टोळ्या फिरतात. रात्री शेतात दिवा हलला की लोक लगेच फोन लावतात. तेव्हा आपणच आधी पोलिसांच्या १०१ नंबरवर कळवायचं, हा म्हातारबुवांचा शिरस्ता. फोन मी करतो. शेत कुठलं, माणसं किती, कुत्री किती, बंदूक आहे का, हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं. मग पलीकडची बाई आडनाव विचारते. माझं आडनाव क्षीरसागर. एकेक अक्षर सांगून, के फॉर किलो, एस फॉर शुगर करत 'सागर'पर्यंत पोचेस्तोवर टिली दारातून परत सोफ्यावर गेलेली असते.

माणसाने घरात बसून भजी खावीत अशी जी जी हवा, ती या कामाला उत्तम. चंद्र नको. वारा हवा, तोही समोरून, म्हणजे आपला वास आणि पावलांचा आवाज सशाकडे जात नाही. झिमझिम पाऊस असला तर म्हातारबुवा हात चोळतात.

आता दिवा. हल्ली मुठीत मावणारे एलईडीचे दिवे मिळतात. म्हातारबुवांचा त्यांच्यावर विश्वास नाही. त्यांचा दिवा १०० वॉटचा हॅलोजन, ताटलीएवढ्या तोंडाचा, आणि त्याला वेटोळ्या वायरने जोडलेली १२ व्होल्टची शिशाची बॅटरी. ही बॅटरी पिशवीत घालून माझ्या खांद्याला. दिवा ओढतो आठ अँपिअर, बॅटरी सात अँपिअर-अवरची, म्हणजे सलग लावला तर पाऊण तासात खेळ खलास. म्हणून लाव, फिरव, बंद कर. पुन्हा अंधारात चाल. अंधारात चालायचं तेही शेजारच्या शेतात उघड्यावर पाळलेल्या डुकरांचं विजेचं कुंपण नेमकं कुठे आहे ते आठवत.

उजेडात डोळे चमकतात, त्यावरून प्राणी ओळखायचा. मेंढीचे हिरवट आणि भरपूर, कोल्ह्याचे लख्ख, सशाचे मंद, तांबूस, जमिनीलगत. मधूनच मुंटजॅक नावाचं बुटकं हरीण निघतं, आपल्या भेकराचं चिनी चुलतभावंड. ते दिसलं की टिलीचा पट्टा आवळून धरायचा, कारण कायदा. एकदा मी बराच वेळ दोन डोळ्यांवर दिवा रोखून उभा होतो. ते फाटकावरचे रिफ्लेक्टर निघाले. टिलीने माझ्याकडे पाहिलं नाही, एवढं तिचं मोठेपण.

पण खरी गंमत काचांची. दिव्याच्या तोंडावर बसवायला प्लास्टिकच्या रंगीत चकत्या मिळतात. बरेचदा दिव्यात सापडून निसटलेले ससे पुढे इतके सावध होतात की पांढरा उजेड लांबून दिसला तरी बिळात. अशांसाठी लाल काच. हे असं का, ते बायकोला रात्री झोपताना विचारलं.

"सशाच्या डोळ्यात निळा आणि हिरवा ओळखणाऱ्या पेशी असतात. लाल ओळखणाऱ्या नसतात. त्याला लाल उजेड अगदीच फिका."

"आणि कुत्र्याला?"

"कुत्र्यालाही तेच. निळा न् पिवळा कळतो. लाल काळपट दिसणार. झोप आता."

म्हणजे लाल काच लावली की ससा बाद, कुत्री बाद. उरलो मी आणि म्हातारबुवा, आणि म्हातारबुवांना मोतीबिंदू. नॉरफॉकच्या त्या अख्ख्या शेतात सशाकडे पाहणारा मी एकटाच, आणि मला तो पकडायचा नव्हता.

यावर म्हातारबुवांचा तोडगा असा: लाल उजेडात ससा शोधायचा, जवळ जायचं, टिलीला सोडायच्या क्षणी काच उडवायची आणि पांढरा झोत टाकायचा. सांगायला सोपं. काचेला कडेला एक इवलीशी जीभ असते, ती अंगठ्याने वर ढकलायची. हातमोजा घातला की जीभ सापडत नाही, काढला की अंगठा सापडत नाही. एका रात्री सगळं जुळून आलं. वारा समोरून, ससा गव्हात दबून बसलेला, टिली थरथरतेय, म्हातारबुवांनी खूण केली, मी अंगठा दाबला, आणि काच जी उडाली ती उडालीच. सशाला तेवढा वेळ पुरला.

आता ती काच शोधणं आलं. कशाने, तर त्याच दिव्याने. दबक्या पावलांनी आलेली आमची वरात पुढचा बराच वेळ शेताच्या मधोमध पांढराशुभ्र झोत नाचवत वाकून फिरत होती. शेवटी काच टिलीने आणली. दातांची खूण न उमटवता, तोंडात अलगद धरून, थेट म्हातारबुवांच्या हातात. त्यांनी तिची पाठ थोपटली. त्या रात्रीची शिकार तीच.

पांढऱ्या उजेडाचा नियम एकच आहे आणि तो ऐकायला फार साधा: झोत सशावर ठेवायचा, कुत्र्यावर नाही. पण समोरून टिली जेव्हा सुटते, पोट जमिनीला टेकवून, माती उडवत, तेव्हा तिच्यावरून नजर काढून एका भुरकट ठिपक्याला धरून राहायचं हे माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. त्यात ससा सरळ पळत नाही. टिलीचं तोंड शेपटीला लागतंय असं वाटतं तोच काटकोनात वळतो, टिली तशीच पुढे घसरत जाते, आणि तेवढ्यात तो कुंपणाकडे चार उड्या कमावतो. उजेड मध्येच घालवायचाही नाही, नाहीतर भरधाव कुत्री काटेरी तारेत जाईल. "लाइट!" म्हातारबुवा मागून ओरडतात. त्यांना काही दिसत नसतं, पण मी चुकतोय हे त्यांना कसं कोण जाणे कळतं.

थेटफर्डला नदीकाठी महाराजा दुलीपसिंगांचा घोड्यावरचा पुतळा आहे. पंजाबचे हे शेवटचे महाराजा. १८६३ साली त्यांनी जवळची एल्व्हडनची जहागीर घेतली आणि इंग्लंडातल्या अव्वल नेमबाजांत नाव काढलं. पुतळ्यावरून गाडी गेली की म्हातारबुवा म्हणतात, "तुमच्याकडचा माणूस." मग माझ्याकडे पाहतात आणि विषय बदलतात.

मिळतो कधीकधी ससा. टिली तो काचेसारखाच अलगद आणते आणि मधूनमधून आमच्याही वाट्याला येतो. अंगावर चरबी नाही, घाई केली तर चामडं. कांदा-लसूण मसाला लावून मंद आचेवर दोन तास ठेवला तर बोटं चाटाल. म्हातारबुवांनी रस्सा एकदा चाखला, घाम पुसला आणि पुन्हा वाटी पुढे केली.

त्या जेवणातच त्यांनी काचांचा विषय काढला. अंबर रंगाची काच म्हणे लाल आणि पांढऱ्याच्या मधली, पण त्यांना ती लावली काय न लावली काय, फरक दिसत नाही. "कंपन्यांचे धंदे," असा त्यांचा निकाल. बायकोने घास खाली ठेवला.

"मोतीबिंदू पिकला की डोळ्यातलं भिंग पिवळं-तपकिरी होतं. तुमच्या डोळ्यात अंबर काच आधीच बसवलेली आहे. दुसरी कशी दिसणार?"

इतकी वर्षं सशांसाठी काचा विकत घेणाऱ्या माणसाला हा मुद्दा लागला. महिन्याभरात एका डोळ्याचं ऑपरेशन करून आले. घरी येऊन आधी आमची पांढरी भिंत पाहिली आणि ती निळी कधी रंगवली म्हणून विचारलं. मी मनातल्या मनात बॅटरी खांद्यावरून उतरवली. आता त्यांना दिसतंय, दिवा त्यांचा त्यांनी धरावा.

पहिल्याच वाऱ्याच्या रात्री हाक आली. शेताच्या मधोमध त्यांनी मला थांबवलं, झोत कुठे पडतोय ते नव्या डोळ्याने नीट पाहून घेतलं, मग माझं कोपर धरून वर केलं, मनगट वळवलं.

"इतके दिवस तू दिवा असा धरत होतास?"

मी काही बोललो नाही. पुढचा अर्धा तास शिकवणी चालली. प्रत्येक झोताला शेरा होता, आणि टिली पट्ट्याला बसून जांभया देत होती. त्यांच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख मार्चमधली आहे.