बटण की साधा?

माझ्या मोटारसायकलचा मागचा टायर गुळगुळीत झालाय, हे मी सोडून सगळ्या चोपड्याला माहीत होतं. शाळेतल्या शिपायाने सांगितलं, दूधवाल्याने सांगितलं. एकदा तर मागून आलेल्या अनोळखी माणसाने गाडी बाजूला घेऊन "भाऊ, टायर पाहून घ्या" एवढंच म्हटलं आणि निघून गेला. मी म्हणायचो, अजून एक पावसाळा निघेल.

पावसाळा निघाला नाही. जूनमधल्या पहिल्याच सरीत अडावदच्या अलीकडे, ट्रॅक्टरने वावरातून आणून डांबरावर सांडलेल्या चिखलावर गाडी अशी फिरली, की मी शाळेकडे निघालो होतो आणि तोंड घराकडे झालं. दहावीचा पहिला तास नसता तर मी तो कौल समजून परतच आलो असतो.

टायरच्या दुकानात मालकाने गल्ल्यावरूनच विचारलं, "सर, रनिंग काय तुमचं?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी खुर्ची ओढून सविस्तर सांगायला बसलो. रोज बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने शाळा. त्यात डांबर किती आणि खड्डे किती हे ऋतूवर अवलंबून. मग सातपुड्याच्या पायथ्याकडचं आमचं वावर. तिथे जायला शेवटचे दोन किलोमीटर गाडवाट, काळ्या मातीची. निवडणुकीची ड्यूटी लागली की वैजापूरच्या बाजूचे पाडे. (आमचं हे वैजापूर चोपडा तालुक्यातलं, जंगलातलं. त्या दुसऱ्या वैजापूरचे पाहुणे चुकून इकडे येतात.) तिथे मुरूम, दगडगोटे आणि नाल्यातली वाळू. शिवाय तापी ओलांडून जळगावला सासुरवाडी.

"मग बटण टायर टाका," मालक म्हणाला.

"बटण नका टाकू सर," आतून कामावरचा पोरगा ओरडला, "डांबरावर खोडरबरासारखं झिजतं ते."

तिढा असा की दोघंही खरं बोलत होते. साध्या टायरच्या नक्षीत खाचा कमी, रबर जास्त. डांबराला ते अंगभर चिकटतं, वळणावर धीर देतं, पण चिखलात फरशीवर साबण. बटण टायरला सुट्या सुट्या गुट्ट्या, त्या मातीत रुततात आणि गाडी ओढतात; पण डांबरावर टेकायला फक्त त्या गुट्ट्यांची डोकी. मधला प्रकारही असतो, थोडं डांबर थोडी माती. तो माझ्या मापात शिल्लक नव्हता. सुज्ञ माणसांसाठी बनवलेल्या वस्तू आमच्याकडे नेहमी "पुढच्या आठवड्यात" येतात.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारे जसे त्याच्याभोवती फेऱ्या मारतात, तसा मी त्या टायरभोवती फिरलो. पुण्याच्या पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, बाजूवर सगळं लिहिलेलं असतं, वाचा." वाचलं. ८०/१००-१८, म्हणजे रुंदी ८० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या १०० टक्के, रिम १८ इंची. पुढे ५४ पी. ५४ म्हणजे हा टायर २१२ किलो वजन झेलणार. मी, ही, आणि मध्ये केळीचा एक घड धरला तरी शिल्लक उरते. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. माझी गाडी ६५ ला अंगात आल्यासारखी थरथरते. चाकाची फिरण्याची दिशा दाखवणारा बाणसुद्धा मी शोधून काढला. दुकानदार माझ्याकडे आदराने पाहत होता असं मला वाटलं.

घरी विचारल्याशिवाय २,१०० रुपये खर्च करायची पद्धत नाही, म्हणून हिला फोन केला.

"अहो, तुम्ही वावरात जाता किती वेळा?"

"रोजच की."

"रविवारी जाता. आणि बांधावर गाडी लावून चहा पिऊन येता. पाड्यावर शेवटचे कधी गेला होता?"

लोकसभेला. पण हे मी बोललो नाही. माणूस टायर घेतो तो आपण जिथे जातो तिथला थोडाच घेतो? मी बटण टायर टाकला.

पहिल्या दिवशी डांबरावर गाडीतून "घूंऽऽ" असा आवाज निघायला लागला. चाळिशीच्या पुढे सूर चढायचा. पूर्वी मी वर्गावर अचानक पोचायचो, ती माझी ख्याती होती. आता शाळा अर्धा किलोमीटर असतानाच पोरांना कळायचं; मी पोचेपर्यंत सगळे पुस्तकं उघडून, चेहरे निरागस करून बसलेले. मुख्याध्यापक म्हणाले, शिस्त सुधारली.

सातपुड्यात मात्र त्याने नाव काढलं. एका रविवारी मुद्दाम वैजापूरच्या बाजूला गेलो. मुरमाच्या चढावर साधा टायर जागच्या जागी खडे उधळतो, हा सरळ चढला. मी कौतुकासाठी मागे पाहिलं; एक शेळी उभी होती. उतरताना वेड्या बाभळीचा काटा ट्यूबमध्ये गेला. काट्याला बटण-साधा कळत नाही.

आणि मग तो आषाढातला दिवस. कपाशीला खत टाकायचं होतं, रात्रभर पाऊस झालेला. सगळे म्हणाले, गाडी नेऊ नको. पण मी टायर घेतलाच कशासाठी होता?

आमची काळी माती काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की चाव्यांचा जुडगा गेला तर पुढच्या पिढीला सापडावा. पाणी पडलं की तीच फुगते आणि जे येईल त्याला धरते. पहिली पन्नास पावलं बटणांनी माती पकडली. पुढच्या पन्नास पावलांत मातीने बटणं पकडली. गुट्ट्यांमधल्या फटी भरल्या, टायर गोल, तुळतुळीत, काढून टाकलेल्या जुन्या टायरपेक्षा गुळगुळीत झाला. ती माती झटकायला चाक जोरात फिरावं लागतं. माझ्या शंभर सीसीच्या इंजिनात तेवढा राग नाही. मग थर मडगार्डपर्यंत पोचला, मडगार्डात ठासला गेला आणि चाक थांबलं. मी खाली उतरलो. गाडी पडली नाही. स्टँड न लावता ती गाडवाटेच्या मधोमध सरळ उभी राहिली, पुतळा बसवल्यासारखी.

मी पऱ्हाटीची काडी घेऊन मडगार्डात खुपसत बसलो. काडी मोडली. दुसरी घेतली. तेवढ्यात मागून आबा आले. धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्यावर खताची अर्धी गोणी. ते माझ्या आधी वावरात जाऊन परत दुसऱ्या खेपेला निघाले होते.

"बैलले कधी इचारं का रे, कोनता खूर लावू म्हनीसन?"

मी काही बोललो नाही.

"चाल आते, चपला हातमा ले."

गाडी दोन दिवस तिथेच होती. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, माती सिमेंटसारखी वाळली, आणि मी अंगणात खुरपं घेऊन ती खरवडायला बसलो. उजवी बाजू झाली. डावी बाजू साफ करताना आणखी एक लंबगोल दिसला, त्यात चार आकडे. ते उजव्या बाजूला नव्हते, नाहीतर मी वाचलेच असते. पुतण्याला फोटो पाठवला. त्याने लगेच कळवलं : काका, पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे.

२३१९. म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. माझा नवा कोरा टायर कोरोनाच्या आधीचा होता. अख्खा लॉकडाऊन त्याने दुकानात काढला होता, आणि मालक मला विचारत होता, रनिंग काय!

ओट्यावर आबा सुपारी कातरत होते. आयुष्यात त्यांनी जेवढे बैल घेतले, प्रत्येकाचा आधी जबडा उघडून पाहिला. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं; आकडे, आठवडे, वर्षं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"दात देखा व्हतात का?"