पीजे गेली, आता निदान तिची जागा तरी सांभाळा

गावाकडे फोन केला की सध्या एकच विषय, पीजेचं काय होणार. पीजे म्हणजे जळगाव जिल्ह्यातली पाचोरा-जामनेरची आपली नॅरोगेज, अरुंद रुळांची छोटी गाडी, ५६ किलोमीटरची, मार्च २०२० मधे लॉकडाऊनला थांबली ती पुन्हा सुरू झालीच नाही. ब्रॉडगेज, म्हणजे नेहमीचे रुंद रूळ, करून पुढे बोदवडपर्यंत न्यायचं मंजूर आहे, तर कोणी म्हणतं छोटी गाडी हेरिटेज म्हणून ठेवा आणि कोणी म्हणतं एसटी आहे, घरोघरी मोटारसायकल आहे, रेल्वे लागते कोणाला?

या शेवटच्या बोलण्याची मला खरंच भीती वाटते. मी इंग्लंडमधे राहतो, इथे ब्रिटिश रेल्वेच्या १९६३ च्या बीचिंग अहवालात असाच हिशोब होता, तोट्यातल्या लाईनी बंद करा, लोक बसने जातील, आणि बंद करायच्या यादीत दोन हजारांवर स्टेशनं होती. डर्बीशायरमधलं हॅसॉप स्टेशन मी बघितलंय, ते प्रवाशांसाठी त्याआधीच, १९४२ ला, बंद झालं आणि तिथली लाईन १९६८ ला गेली, आता तिथे कॅफे आहे, पुस्तकांचं दुकान आहे, रुळांच्या जागी सायकलवाट, सगळं सुंदर ठेवलंय, पण मँचेस्टरची गाडी काही तिथून मिळत नाही. स्कॉटलंडमधे तर १९६९ ला बंद केलेली लाईन २०१५ ला अर्धीमुर्धी परत आणली आणि तोवर एडिनबरोच्या बायपासने जुना मार्गच कापलेला, त्यामुळे तिथे वळवून नवा पूल बांधावा लागला. उलट डेव्हनमधल्या ओकहॅम्प्टनची रोजची पॅसेंजर १९७२ ला गेली पण दगडखाणीच्या मालगाडीमुळे रूळ जागेवर राहिले, म्हणून २०२१ ला गाडी पुन्हा धावायला लागली.

इथे इंग्लंडात गाडी गेली तरी पुष्कळांच्या दारात कार होती हो. पण पीजेच्या वाटेवरच्या शेंदुर्णीच्या म्हातारीला पाचोऱ्याच्या दवाखान्यात जायचंय, तिला मोटारसायकलवर कोण आणि किती वेळा नेणार? पीजे हळू होती हे खरं, आणि गेज वेगळं म्हणून पाचोऱ्याला माल उतरवून परत भरावा लागायचा, म्हणून मी ब्रॉडगेजच्याच बाजूने आहे, एक इंजिन आणि दोन डबे जामनेरला शेडखाली जपून ठेवा, जरूर ठेवा, पण हेरिटेजच्या नावाखाली लोकांची गाडी अडवू नका.

माझी मागणी एवढीच की काम पूर्ण होईपर्यंत रेल्वेच्या पट्ट्यावर एकही टपरी, एकही प्लॉट पडू देऊ नका भाऊ, आणि नव्या टाईमटेबलात वरखेडी, भागदरा या छोट्या गावांचे थांबे आत्ताच लिहून घ्या.