चॉकलेटसुद्धा पारखून घ्यायचं?

परत तेच! वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून भाचीसाठी चॉकलेट आणलं, चांदी सोलली तर वडीवर पांढुरका थर. तारखेवर नवं स्टिकर. नखानं खरवडलं तर खाली जुनी तारीख! दुकानदार म्हणतो, "काका, फ्रीजमध्येच होतं." अहो, चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, इथे मे महिन्यात पारा चाळिशीपार. रात्री फ्रीज बंद करता, म्हणून ते वितळून पुन्हा गोठतं नि असा थर येतो, ना? त्या थरानं विषबाधा होत नाही, मान्य. पण जुनी तारीख का झाकता? २००३ मध्ये मुंबईत कॅडबरीत अळ्या निघाल्या, २०२२ मध्ये बेल्जियमच्या कारखान्यातल्या किंडर चॉकलेटमुळे युरोपात पोरं साल्मोनेला जंतूनं आजारी पडली. बाबा पगाराला आणायचे ते आम्ही डोळे झाकून खायचो. पोरांच्या खाऊत तरी लबाडी करू नका हो!