काका-पुतण्याच्या शर्यतीबद्दल

नमस्कार. ‘सीबिस्किट’ या शर्यतीच्या घोड्यावरच्या चित्रपटाबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “मॅन ओ’ वॉरच्या नातवाला कसला बिचारा म्हणता? अमेरिकेतल्या श्रीमंतांचा जुगार, आणि वडोदऱ्यात बसून डोळे तुम्ही पुसताय!”

खानदानाचा मुद्दा मान्य. मॅन ओ’ वॉर अमेरिकेतला नामांकित शर्यतीचा घोडा, आणि सीबिस्किट त्याचा नातू. उलट तुम्ही कमीच बोललात. १ नोव्हेंबर १९३८ला पिमलिकोच्या शर्यतीच्या मैदानावर सीबिस्किटनं ज्याला हरवलं, तो वॉर ॲडमिरल मॅन ओ’ वॉरचाच मुलगा. म्हणजे ही काका-पुतण्याची शर्यत! आता ही भानगड मराठी माणसाला काय समजावून सांगायची? रक्त एकच, पण वाडा काकाचा आणि पुतण्या ओसरीवर. चित्रपटात काका अवाढव्य दाखवलाय, ती मात्र शुद्ध थाप. दोघं उंचीला जवळपास सारखेच होते.

पण मी गुंतलो तो घंटेत. वॉर ॲडमिरल सुटतानाच आघाडी घेणारा. सीबिस्किट मागून येऊन गाठणारा. त्या दिवशी घोडे सोडायचं गेट नव्हतं, घंटेवर सुटायचं होतं. मग ट्रेनर टॉम स्मिथनं स्वतःच एक घंटा तयार केली. घंटा वाजवायची, घोडा पळवायचा, परत आणायचा, पुन्हा घंटा. शर्यतीत पुतण्याच पुढे सुटला! आणि पुढे असताना जॉकी वूल्फनं लगाम आवरून काकाला बरोबरीला येऊ दिलं. शेजारी घोडा दिसला की हा इरेला पेटतो, हे त्याला पोलार्डनं सांगून ठेवलेलं. पोलार्ड म्हणजे नेहमीचा जॉकी, तेव्हा पाय मोडून पडलेला. एका डोळ्यानं त्याला दिसत नव्हतं, हेही त्यानं लपवलेलं.

घरी हा प्रसंग चालू होता तेव्हा आबा शेंगा सोलत होते. दोन्ही घोडे बरोबरीला आले आणि त्यांच्या हातातली शेंग हातातच राहिली. सीबिस्किट चार लेंग्थनं, म्हणजे चार घोड्यांच्या लांबीनं जिंकला, मग ती फुटली.

जुगाराबद्दल मी वाद घालणार नाही. पण ‘वडोदऱ्यात बसून’ हे लागलं हो. आमच्या प्रतापसिंहराव महाराजांनी १९४५मध्ये इंग्लंडात २८,००० गिनी मोजून एक शिंगरू घेतलं होतं. नाव सयाजीराव. सख्खा भाऊ डर्बी जिंकलेला, म्हणजे तुम्हाला हवं तसं खानदान! त्यानं १९४७ची सेंट लेजर, तिथली मानाची शर्यत, मारली. आबा ही गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगतात, दर दिवाळीला. शेंगा सोलता सोलता.